घरचे नाही म्हणतात तेव्हा : नाही म्हणालेल्या एका बापाकडून

मी लातुरात एका पतसंस्थेचा शाखाधिकारी. लोकांच्या कर्जप्रकरणांचे कागद तपासण्यात सत्तावीस वर्षं गेली. २०२१ च्या डिसेंबरात एका दुपारी काउंटरवर असताना मोबाइल वाजला : खात्यातून १०० रुपये वजा. मी तर काहीच घेतलं नव्हतं. संध्याकाळी घरी विचारलं, तर बारावीतला मुलगा मान खाली घालून म्हणाला, "एनडीएचा फॉर्म भरला, पप्पा. तुमचं कार्ड वापरलं." एनडीए म्हणजे पुण्याजवळ खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर सैन्याचे अधिकारी घडवणारी.

त्या रात्री मी काय काय बोललो ते लिहीत नाही. इंजिनिअरिंगच्या क्लासला एक लाख दहा हजार भरले होते, दुसरा हप्ता तर बायकोच्या भिशीतून. लातुरात अकरावी-बारावीचं पोर म्हणजे घराची मुदत ठेव. मुदतीआधी मोडायची नसते.

सैन्यात कसं जावं हे सांगणारे गल्लोगल्ली आहेत. नाही म्हणणाऱ्या घराशी कसं बोलावं, हे मात्र नाही म्हणालेल्या माणसानं सांगितलेलं बरं.

तर आधी, चोरून फॉर्म भरू नका. शंभर रुपयांचा मला राग नव्हता. घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं, याचा होता. आईला आठवडाभर आधीच माहीत होतं, आणि बोलणी तिनेच जास्त खाल्ली. आईला फोडून तिच्यामार्फत बापाच्या कानावर घालायची आपल्याकडची जुनी पद्धत आहे, ती सोडा. सरळ बापाकडे जा, पण वेळ बघून. माझ्यासारख्याला मार्चअखेर गाठू नका, शेतकरी बापाला सोयाबीन काढणीत गाठू नका. चाचणीचे मार्क पडले त्या संध्याकाळी तर नकोच. त्याला वाटतं पोरगं अभ्यासातून पळवाट काढतंय. आमच्याकडे नेमकं तसंच होतं, फिजिक्समध्ये शंभरात एकेचाळीस.

मग बाप नेमकं कशाला नाही म्हणतोय ते शोधून काढा. माझ्या डोक्यात सैन्य म्हणजे मैदानावरची भरती, एवढंच होतं. अधिकारी आणि जवान यांच्या वाटा वेगळ्या असतात, अधिकाऱ्यांसाठी यूपीएससी परीक्षा घेते, हे मला पन्नाशीच्या जवळ येऊन कळलं. सहा महिन्यांनी, जून २०२२ मध्ये, अग्निपथ योजना आली आणि पाहुण्यांचे फोन सुरू झाले : "चार वर्षांनी घरी पाठवतात म्हणे, कशाला धाडताय?" अग्निवीर होणं कमीपणाचं नाही, पण ती योजना वेगळी आहे. तिथं चार वर्षांची सेवा, आणि त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे कायम करतात. एनडीएतून बाहेर पडणारा अधिकारी परमनंट कमिशनवर, म्हणजे कायम नोकरीत असतो. हे दोन्ही घरात एकदा कागदावर मांडा. निम्मा विरोध माहिती नसल्याचा असतो. उरलेल्या निम्म्यासाठी पुढचं.

त्या भांडणाच्या रात्रीनंतर आठवड्यानं मुलगा एक फुलस्केप कागद घेऊन आला. मधोमध रेघ. डावीकडे खासगी कॉलेजातलं इंजिनिअरिंग : फी, पुण्यातलं हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, चार वर्षांची बेरीज नऊ लाख चाळीस हजार. उजवीकडे एनडीए : तीन वर्षं खडकवासल्यात, शिक्षण, राहणं, खाणं, कपडे सरकारच्या खर्चानं, वर दिल्लीच्या जेएनयू विद्यापीठाची पदवी. मग आर्मीवाल्यांना एक वर्ष डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत, आणि त्या वर्षात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन. लेफ्टनंट झाल्यावर मूळ पगार तेवढाच, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. शेवटी खाली पेन्शन. ही ओळ त्यानं बरोबर माझ्या दुखऱ्या जागेवर ठेवली होती. २००४ पासून नव्या सरकारी नोकरांची जुनी पेन्शन गेली, पण सैन्यदलांची राहिली. अधिकाऱ्याला २० वर्षांच्या सेवेनंतर ती लागू होते. मला निवृत्तीनंतर मिळणार आहे ती चार आकडी.

मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं. सवयच ती. डावी बाजू फुगवलेली होती. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना राजर्षी शाहू शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्कात निम्मी सवलत मिळते, ती त्यानं धरलीच नव्हती. उजवी बाजू झाकलेली होती. खडकवासल्यात पोराचा पॉकेट मनी आणि सुरुवातीचा काही खर्च घरानं द्यायचा असतो, तो नव्हता. आणि सगळ्यांत मोठं : आपल्या मर्जीनं मध्येच सोडलं, तर तोवरच्या प्रशिक्षणाचा खर्च परत करू, असं आई-बापाला लिहून द्यावं लागतं. ते तर त्याला माहीतच नव्हतं. मी नियमांचा कागद वाचला म्हणून सापडलं.

हे वाचणाऱ्या पोरांनो, तुमचा कागद करताना तोट्याची बाजू स्वतःच लिहा. कर्ज मागायला येणारा माणूस जुनी थकबाकी आपणहून सांगतो, तेव्हा आम्ही खुर्ची पुढे करतो. लपवली आणि आम्हाला सापडली, की फाइल बाजूला पडते.

बेरजा दुरुस्त करूनही उजवी बाजू जड भरली, हे मला मान्य करावं लागलं. पण कागदावर एक ओळ नव्हतीच. मी ती लाल पेनानं लिहिली आणि खाली दोन रेघा मारल्या : "निवड झाली नाही तर?"

माझा खरा नकार तिथंच होता, आणि तो मलाही त्या रात्रीच कळला. लेखी परीक्षेला लाखांनी पोरं बसतात, शेवटी काहीशे घेतात. असलं तारण कुठली पतसंस्था मान्य करेल?

ती ओळ भरायला त्याला दोन आठवडे लागले. त्यानं शोधलेलं, आणि पुढच्या वर्षांत आम्ही दोघांनी शिकलेलं, असं आहे. एनडीएचं वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस आणि परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे एकाच संधीवर सगळं नसतं. लेखी ९०० गुणांची : गणित ३००, सामान्य क्षमता ६००, त्यातलं इंग्रजीच २०० चं. चुकलं की एक तृतीयांश गुण कापतात. गणिताचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच, त्यामुळे इंजिनिअरिंगची तयारी वाया जात नाही. उलट आर्मीत टीईएस नावाची वाट आहे : बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात ६० टक्के, जेईई मेन दिलेली हवी, आणि लेखी परीक्षा न घेता थेट एसएसबी, म्हणजे एरवी लेखीनंतर होणाऱ्या सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. बापाला पाहिजे ती इंजिनिअरिंगची पदवी, पोराला पाहिजे ती वर्दी. ही वाट माहीत असती, तर आमची निम्मी भांडणं झाली नसती.

बायोलॉजीवाल्यांनी इकडे लक्ष द्या, कारण लातुरात तुम्हीच जास्त. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, एमबीबीएसला प्रवेश नीटच्या गुणांवरूनच सुरू होतो. पुढे त्यांची वेगळी चाचणी आणि मुलाखत, फी नाही, पण सैन्यात सेवेचा बाँड. ज्या घरात डॉक्टरशिवाय दुसरा शब्द चालत नाही, तिथं सुरुवात इथून करा. बारावी कुठल्याही शाखेतून असली तरी एनडीएची आर्मी शाखा चालते. नौदल आणि हवाई दलाला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, गणित पाहिजे. गणिताचा पेपर सगळ्यांनाच. मुलींनाही २०२२ पासून एनडीए खुली आहे. त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात बाहेर पडली.

दहावीत असाल तर एक गोष्ट माझ्या हळहळीतून सांगतो. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, १९७७ पासून. दहावीनंतर परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडतात, तिथंच अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी. मुलींसाठी तशीच आता नाशिकला. आमच्यापासून बसनं पाच-सहा तासांवर, आणि मला पत्ताच नव्हता. क्लासवाल्यांच्या जाहिराती मात्र रोज पेपरातून पडायच्या. बारावी झाल्यावर क्लासचे उरलेले पैसे मागायला गेलो, तर "नियमात बसत नाही" म्हणाले. असो.

आईचं प्रकरण कागदावर बसत नाही. तिला पगार-पेन्शन सांगून उपयोग नाही, ती पैशाला नाही म्हणतच नसते. आमचं एकच लेकरू. मुलानं तिला आकडेवारी दाखवायचा प्रयत्न केला, अपघातात किती जातात, अमुक किती. तिनं ताट त्याच्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "जेव." त्यापेक्षा मग त्यानं शहाणपण केलं. उदगीरकडच्या एका गावातल्या त्याच्या मित्राचा थोरला भाऊ सैन्यात आहे, त्या मित्राच्या आईकडे तिला घेऊन गेला. त्या दोघी चुलीपाशी दोन तास बसल्या. काय बोलल्या ते आम्हाला दोघींपैकी कुणीच सांगितलं नाही. परत येताना गाडीत एवढंच म्हणाली, "ती बाई फोन उशाला घेऊन झोपते." हो म्हणाली नाही, पण रोजची कटकट थांबली. ती भीती जात नाही, हेही धरून चाला. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी चार दिवस टीव्हीवर सायरन वाजत होते, तेव्हा तिनं रिमोट देवघरात ठेवून दिला.

बारावीनंतर लेखी पास झाला आणि भोपाळचं एसएसबीचं बोलावणं आलं. सोबतच्या कागदांत एक रिस्क सर्टिफिकेट होतं : चाचण्यांमध्ये इजा झाल्यास भरपाई मागणार नाही, पालकाची सही. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. ती सही करताना माझा हात असा हलला, की स्वतःचीच सही मी काउंटरवर नाकारली असती. बसनं संभाजीनगर, तिथून मनमाड, मग भोपाळची गाडी. पहिल्यांदा जाणाऱ्याला भाडं परत मिळतं, तिकीट जपून ठेवायला सांगा.

तो पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट, म्हणजे पहिल्याच गाळणीत बाद. भिंतीवर अर्धा मिनिट चित्र दाखवतात, त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात ती सांगायची आणि चर्चा. हा गटात बोललाच नाही. दुसऱ्या वेळी प्रयागराजला पाचही दिवस टिकला, शेवटच्या कॉन्फरन्समध्ये गेला. तिथं काय घडलं ते ऐका, कारण त्याचा घराशी संबंध आहे. मानसशास्त्राच्या चाचणीत शेवटी स्वतःबद्दल लिहायला देतात, आणि पहिलाच प्रश्न असतो : तुमच्या आई-वडिलांचं तुमच्याबद्दल मत काय? यानं लिहिलं, "वडील मला जिद्दी म्हणतात." मी त्याला जिद्दी कधीच म्हटलं नव्हतं, मी म्हणायचो हट्टी. वर पीआयक्यू नावाच्या फॉर्मात बापाचं मासिक उत्पन्न विचारतात, ते यानं अंदाजानं लिहिलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, घरचा खर्च किती, वडिलांवर कर्ज आहे का, ते तुझ्या या निर्णयावर काय म्हणतात? याला एकाचंही धड उत्तर देता येईना. तो बाहेर पडला ते याचमुळे, असं मी म्हणत नाही. ते कारण सांगत नाहीत. पण ज्या पोराला बापाच्या घराचं कर्ज किती राहिलंय हे माहीत नाही, त्याला बापाची बाजू कळलेली नाही, एवढं त्या साहेबांना दोन मिनिटांत दिसलं असणार. म्हणून घरात मनवणी करायला बसाल, तेव्हा नुसतं आपलंच म्हणणं सांगू नका, विचारा. पप्पा, हप्ता किती? किती वर्षं राहिली? माझ्या फीसाठी काय मोडलंत?

मेडिकलचं थोडक्यात : लेखीच्या आधीच एकदा तपासून घ्या. गुडघे आतून टेकतात का, तळपाय सपाट आहे का, नाकाचा पडदा, कानातला मळ, डोळ्यांचा नंबर, टॅटू. याचा नाकाचा पडदा वाकडा निघाला. आधीच कळल्यामुळे ऑपरेशन निवांत झालं.

प्रयागराजहून आला तेव्हा घ्यायला मी स्टेशनवर गेलो. पहिल्या वेळी गेलो नव्हतो. पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश झालेलाच होता, "निवड झाली नाही तर" या ओळीत लिहिल्याप्रमाणे. तिथं त्यानं एनसीसी घेतली. एनसीसीचं सी सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडनं मिळालं आणि पदवीला ५० टक्के असतील, तर लेखीशिवाय एसएसबी मिळते. त्याशिवाय पदवीवरची सीडीएस ही यूपीएससीची परीक्षा आहेच. आता तो शेवटच्या वर्षाला आहे. एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, ते मी सांभाळून ठेवलंय.

पुढच्या महिन्यात बेंगळुरूला एनसीसी एन्ट्रीची एसएसबी आहे. परवा रात्री हॉस्टेलवरून फोन आला.

"पप्पा, पीआयक्यूचा सराव करतोय. तुमचं उत्पन्न किती लिहू?"

मी जुलैची वेतनवाढ धरून आकडा सांगितला. कर्जाचे एकोणीस हप्ते राहिलेत, तेही लिहून घे म्हटलं.