लो बॉनेट जीपचं फ्लॅटहेड इंजिन घरी कसं बांधायचं

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला २१ गन सॅल्यूटचा जुन्या गाड्यांचा मेळा झाला, तेव्हापासून बडोद्यात ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतात की आजोबांची जीप शेडमध्ये पडलीय, तिचं इंजिन घरी होईल का. होईल. आणि जुन्या इंजिनांमध्ये फ्लॅटहेडइतकं घरी जमण्यासारखं दुसरं नाही, फक्त काम कुठल्या क्रमाने करायचं ते नीट समजून घ्या.

आधी ते आहे काय ते बघू. आजच्या गाडीत व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, फ्लॅटहेडमध्ये ते ब्लॉकमध्येच, सिलिंडरच्या बाजूला उभे असतात आणि खालून कॅमशाफ्ट त्यांना वर ढकलतो. रॉकर नाही, पुशरॉड नाही, हेड म्हणजे निव्वळ झाकण. म्हणून खोलायला सोपं, पण त्याचाच अर्थ असा की जळालेला गरम वायू ब्लॉकच्या पोटातूनच बाहेर जातो आणि जी काही झीज, भेग, गंज असेल ती सगळी ब्लॉकमध्ये. हेड दुसरं मिळेल, पिस्टन मिळतील, चांगला ब्लॉक मिळणं दिवसेंदिवस अवघड होत चाललंय. म्हणून माझा एकच आग्रह आहे, ब्लॉक तपासून होईपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

महिंद्राने १९४७ पासून विलीजच्या जीप आपल्याकडे आणल्या. त्यातली लो बॉनेट, म्हणजे सीजे-थ्रीए, हिचं इंजिन खरं फ्लॅटहेड: चार सिलिंडर, २१९९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ३.१२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४.३७५ इंच, ६० हॉर्सपॉवर. हाय बॉनेट सीजे-थ्रीबीचं वेगळं, तिच्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये, त्यामुळे आधी बॉनेट उघडून खात्री करा. सुरुवातीच्या १९५७ च्या अँबेसेडरमध्येही १४७६ सीसीचं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे फ्लॅटहेडच होतं. पद्धत तीच, आकडे मात्र त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे, मी खाली दिलेत ते जीपचे आहेत.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात उघडा बोअर एका रात्रीत गंज धरतो, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे खोललेले पार्ट जमिनीवर ठेवायचेच नाहीत, वरच्या फळीवर, तेल लावून, कापडात गुंडाळून.

इंजिन जाम असेल तर लगेच स्टार्टर मारू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मिसळून थोडं थोडं ओता, काही दिवस तसंच राहू द्या, मग हँडलने हळूच पुढे-मागे करून बघा. फिरत असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा. मग बॅटरी काढा, पाणी-ऑइल काढा, प्रत्येक वायर आणि पाइपचे फोटो घ्या आणि इंजिन चेनकप्पीने वर घ्या. कप्पी पक्क्या गर्डरला किंवा लोखंडी घोडीलाच लावायची, घरातल्या पंख्याच्या हुकाला कधीच नाही.

हेड बऱ्याचदा स्टडना गंजून चिकटलेलं असतं. मध्ये छिन्नी ठोकू नका, ब्लॉकच्या फेसवर एक चरा पडला की गॅस्केट कधीच नीट बसत नाही. नट गंजाचं तेल टाकून थोडे थोडे सैल करा. इंजिन अजून गाडीतच असेल तर एक जुनी युक्ती आहे, नट दोन-तीन आटे सैल करून प्लग परत लावायचे आणि इंजिन फिरवायचं, कॉम्प्रेशनच हेडला उचलतं. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं म्हणून ती ओली करून, मास्क लावून खरवडा.

पिस्टन काढायच्या आधी सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवा, झिजून एक कडा झालेली लागेल. ती रीमरने काढल्याशिवाय पिस्टन वर ढकललात तर रिंगेचा खाचा तुटतो. कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर नंबर असतात, नसतील तर तुम्ही घाला, कॅप अदलाबदल झाल्या की बेअरिंग गेलंच. व्हॉल्व्ह काढताना चेंबरमधली ऑइल परत जायची सगळी भोकं कापडाने बुजवा, नाहीतर कॉटर (व्हॉल्व्हची स्प्रिंग अडवून धरणारा छोटा तुकडा) खाली पडतो आणि शोधत बसावं लागतं. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून व्हॉल्व्ह त्याच क्रमाने खोचून ठेवा.

आता ब्लॉक, आणि इथे घाई नको. सगळे कोअर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची गोल झाकणं, काढा. आत, विशेषतः मागच्या चार नंबर सिलिंडरच्या बाजूला, कित्येक वर्षांचा गाळ साचलेला असतो आणि 'ही जीप गरमच होते' म्हणतात त्याचं कारण बहुतेक वेळा हाच गाळ असतो. वायर घालून, पाण्याचा जोर मारून, स्वच्छ पाणी येईपर्यंत काढा. मग भेगा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि बोअर यांच्यामधली अरुंद पट्टी, भेग जास्त करून तिथेच जाते. ब्रशने केरोसीन लावा, थोड्या वेळाने पुसून कोरडं करा आणि खडूची पूड भुरभुरा, भेग असेल तर आतलं केरोसीन पाझरून पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. शंका आली तर मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. ब्लॉक इथे पास झाला की मगच खर्चाचा विचार.

बोअर वर, मध्ये, खाली, आडवा आणि उभा असा मोजा. टेपर, म्हणजे वर-खालच्या मापातला फरक, पाच थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशाच्या, पुढे गेला असेल तर बोरिंग, म्हणजे बोअर कापून मोठा करणं. बोरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग घरी होत नाही, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला ही कामं करणारे आहेत, पण पिस्टन आधी त्यांच्या हातात द्या आणि त्या पिस्टनच्या मापाने, साधारण तीन थाऊ जागा ठेवून, बोर करायला सांगा. दहा थाऊत काम भागत असेल तर वीस काढू देऊ नका. मिस्त्री म्हणेल 'एकदाच मोठं करून टाकू', ऐकू नका, आज वाचवलेली धातू पुढच्या बांधणीला लागणार आहे.

व्हॉल्व्हचं काम मात्र स्वतःच्या हाताने करा, मला तर सगळ्यात समाधान यातच मिळतं. गाइडमध्ये व्हॉल्व्ह हलतो का बघा, हलत असेल तर गाइड बदला. सीट ४५ अंशाची असते. लॅपिंग पेस्ट लावून, रबरी कपाच्या काठीने दोन्ही तळहातांत घुसळत, अधूनमधून उचलून जागा बदलत घासा, आधी जाड पेस्ट मग बारीक, चारी बाजूंनी सारखं, तुटक नसलेलं करडं कडं उमटलं की झालं. पेस्टचा कणसुद्धा आत राहता कामा नये. घासल्यावर व्हॉल्व्ह खाली बसतो म्हणून टॅपेटची (कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला ठोकळा) जागा कमी होते, ती परत लावायची, थंड इंजिनावर १६ थाऊ. इंजिन स्टँडवर असतानाच हे करा कारण गाडीत बसल्यावर टॅपेटचं झाकण मॅनिफोल्डच्या खाली जातं आणि हात नीट पोचत नाही.

जोडणीच्या आधी बोअर गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरने धुवा, केरोसीनने होनिंगची, म्हणजे बोअर दगडाने घासल्याची, पूड निघत नाही, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत धुवा आणि लगेच तेल लावा. रिंग नुसती बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिची फट मोजा, ८ ते १३ थाऊ. क्रँक धरणाऱ्या मेन कॅप टॉर्क रेंचने ६५ ते ७० फूट-पाउंडाला आवळा, रॉड ५० ते ५५, आणि प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा, जड झाला तर तिथेच थांबा. हेड ६० ते ७०, मधून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत.

जीपमध्ये एक गोष्ट नीट समजून घ्या, कॅमशाफ्ट ऑइल पंपाला फिरवतो आणि डिस्ट्रिब्युटर त्या पंपाच्या खाचेत बसतो. म्हणजे पंप एक दात इकडेतिकडे बसला की टायमिंग चुकलं. एक नंबर सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून मगच मॅन्युअलप्रमाणे पंप बसवा, आणि बसवायच्या आधी त्यात तेल भरा. फायरिंग १-३-४-२, पॉइंटची फट २० थाऊ, प्लगची ३० थाऊ, टायमिंग पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या ५ अंश आधी.

आता E२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल सगळीकडे आहे, त्यामुळे इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम आणि रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या, जुनं रबर त्यात फुगतं, चिरतं.

पहिल्यांदा सुरू करताना जवळ अग्निशामक ठेवा आणि डोळा ऑइल प्रेशरवर. प्रेशर आलं नाही तर लगेच बंद. आलं तर आयडलवर सोडू नका, १५०० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटं चालू द्या म्हणजे कॅम आणि टॅपेट एकमेकांवर नीट बसतील, पाण्याचं तापमान बघत राहा. थंड झाल्यावर हेडचे नट परत त्याच मापाने आवळा. मग हालोल रोडला न्या, थोडा जोर द्या, सोडा, परत द्या, रिंगा लोडवरच बसतात, एका स्पीडने कंटाळवाणं चालवून बसत नाहीत. तीनशे-चारशे किलोमीटरला ऑइल बदला, त्याच वेळी टॅपेट आणि हेडचे नट पुन्हा एकदा तपासा.