मंगळाच्या फोटोत दार, चेहरा, हाड दिसलं? आधी या चुका टाळा

नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने (मंगळावर फिरणाऱ्या यंत्रगाडीने) ७ मे २०२२ रोजी तिथल्या माउंट शार्प डोंगराच्या उतारावर टिपलेला एक फोटो व्हॉट्सॲपवर खूप फिरला. खडकात कोरून काढल्यासारखं चौकोनी दार आणि आत अंधार. त्याखाली ‘नासा काय लपवतंय?’ असं लिहिलेलं असायचं, पण दाराचं माप मात्र कुणी लिहायचं नाही. हे दार जेमतेम ३० सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर रुंद आहे. उंची शाळेतल्या मोठ्या पट्टीएवढी. त्या ठिकाणी खडकातल्या बऱ्याच सरळ भेगा एकमेकींना छेदतात, म्हणून कडा इतक्या सुबक दिसतात.

माप न विचारता अर्थ लावणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मंगळाच्या फोटोत झाड नाही, माणूस नाही, विजेचा खांब नाही, त्यामुळे मोठं-लहान ठरवायला नजरेला काही आधारच मिळत नाही. मग ओळखीचा आकार दिसला की आपण ओळखीचं मापही त्याला चिकटवतो. स्पिरिट रोव्हरच्या २००७ सालच्या एका विस्तृत दृश्यात उतारावर बसलेली बाई दिसते असा गाजावाजा झाला होता. तो दगड प्रत्यक्षात काही सेंटिमीटर उंचीचा, रोव्हरपासून काही मीटरवरचा. फोटोखाली माप दिलेलं नसेल तर चौकटीत चाकाची खूण दिसते का ते बघा. क्युरिऑसिटीचं चाक ४० सेंटिमीटर रुंद आहे, त्यावरून जवळपासच्या दगडांचा अंदाज चटकन येतो.

सूर्य कुठे आहे हे न बघणं

सायडोनिया भागातला ‘मंगळावरचा चेहरा’ सगळ्यांना माहीत आहे. व्हायकिंग १ या यानाने तो २५ जुलै १९७६ रोजी टिपला. त्या वेळी तिथे सूर्य क्षितिजापासून साधारण २० अंशांवर होता, म्हणजे सावल्या लांब आणि गडद. सपाट माथ्याच्या टेकडीची एक बाजू पूर्ण काळोखात गेली आणि उरलेल्या उंचसखल भागात डोळा, नाक, तोंड उमटलं. शिवाय फोटो पृथ्वीवर पोचताना काही बिंदूंची (पिक्सेलची) माहिती बिघडली होती. त्या काळ्या ठिपक्यांपैकी एक नेमका नाकपुडीच्या जागी पडला! व्हायकिंगच्या चांगल्यात चांगल्या फोटोतही एक बिंदू ४३ मीटर जमीन दाखवायचा. मार्स ग्लोबल सर्व्हेयर या यानाने २००१ मध्ये तीच टेकडी १.५६ मीटर प्रति बिंदू इतक्या बारकाईने टिपली, तेव्हा चेहरा विरून गेला आणि झिजलेली टेकडी दिसली.

वरून काढलेल्या फोटोंमध्ये आणखी एक घोळ होतो: खड्डे उंचवट्यांसारखे दिसतात. प्रकाश वरच्या बाजूने येतो असं मेंदू गृहीत धरतो आणि फोटोत तो खालून आलेला असेल तर सगळं उलटं भासतं. अशा वेळी फोटोची वरची बाजू खाली करून बघा. बहुतेकदा खड्डा लगेच खड्डा होतो.

एकाच चौकटीवर विसंबणं

एप्रिल २०१४ मध्ये क्युरिऑसिटीच्या एका फोटोत क्षितिजावर उभा प्रकाशझोत दिसला. रोव्हरचे दिशादर्शक कॅमेरे डावा-उजवा अशा जोडीने फोटो घेतात. उजव्या कॅमेऱ्यात झोत होता, सेकंदाभराच्या आत घेतलेल्या डाव्या कॅमेऱ्याच्या फोटोत नव्हता. कॅमेऱ्याच्या संवेदकावर आदळलेला वैश्विक किरण (अवकाशातून येणारा वेगवान कण) किंवा एखाद्या खडकावरची चमक, ही त्यामागची साधी कारणं. जोडफोटो बघायला दोन मिनिटं लागतात, तेवढी द्याच. फोटो ताणून मोठा करण्यात मात्र काही अर्थ नाही. ताणल्यावर दिसणारे चौकोनी ‘दगडी ठोकळे’ कॉम्प्रेशनचे, म्हणजे फोटोची फाइल लहान करताना आलेले असतात, मंगळाचे नसतात.

रंग खरा मानणं

निळसर मंगळ दिसला की आधी फोटोची माहिती वाचा. खनिजांमधला फरक उठून दिसावा म्हणून रंग बऱ्याचदा मुद्दाम वाढवलेले असतात.

‘दगडच तर आहे’ म्हणून सोडून देणं

ही चूक शहाण्यासुरत्या माणसांची, आणि मला ती जास्त खटकते. जानेवारी २०१४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी रोव्हरसमोर एक दगड अचानक अवतरला. १२ मंगळदिवस आधीच्या फोटोत ती जागा रिकामी होती. मधे लालभडक, कडेने पांढरट, साधारण ४ सेंटिमीटरचा हा दगड जॅम भरलेल्या डोनटसारखा दिसायचा. रोव्हरच्याच चाकाखाली मोठा दगड फुटून त्याचा तुकडा घरंगळला होता. इथे ‘एलियन नाही, विषय संपला’ म्हणणाऱ्याचं मोठं नुकसान आहे. तुकड्याची वर आलेली बाजू त्याआधी बहुधा फार काळ बाहेरच्या हवेला उघडी पडली नव्हती, आणि तपासणीत तिच्यात गंधक आणि मँगनीजचं प्रमाण खूप जास्त निघालं. अशा घटकांचा साठा व्हायला बहुधा पाणी लागतं. याच रोव्हरने २००४ मध्ये पाहिलेल्या, ‘ब्लूबेरी’ म्हणून गाजलेल्या काही मिलिमीटरच्या गोळ्या हेमॅटाइट या लोहखनिजाच्या निघाल्या, त्यांचाही संबंध पाण्याशीच. क्युरिऑसिटीने फेब्रुवारी २०२२ मध्ये टिपलेलं इवलंसं ‘फूल’सुद्धा खडकातून झिरपलेल्या पाण्यातल्या खनिजांनी घडवलं.

सुळक्याला नागफणी म्हणणारे लोक आपण. आकारावरून नाव ठेवण्यात वावगं काहीच नाही. नाव ठेवून झाल्यावर तो आकार कशाने आला, हेही विचारावं: वाऱ्याने घासून, भेगांनी तुटून, की पाण्याने साचवून?

कधीकधी वस्तू खरोखरच कुणीतरी बनवलेली असते. पर्सिव्हरन्स रोव्हरला २०२२ मध्ये दोन दगडांच्या बेचक्यात चमकदार पत्रा सापडला, नंतर दोऱ्याचा गुंताही दिसला. दोन्ही त्याच्याच उतरण्याच्या वेळी विखुरलेल्या सामानाचे तुकडे ठरले. त्यामुळे विचित्र फोटो आला की त्यावरचा मंगळदिवसाचा आकडा आणि कॅमेऱ्याचं नाव शोधा. नासा रोव्हरचे मूळ फोटो सर्वांसाठी खुले ठेवते. त्याच दिवसाच्या आजूबाजूच्या चौकटी तिथे मिळतात, आणि ‘दार’ सापडलं तर त्याच्या शेजारच्या भेगाही दिसतात.