ग्रूमरकडे कुत्र्याला इजा झाली, तर पुढे काय करावे

कुत्र्याला आंघोळीसाठी आणि केस कापण्यासाठी दुकानात सोडून यावे आणि तासाभरात फोन यावा, ‘भैय्या, इसकी तबीयत कुछ ठीक नहीं लग रही, आप ले जाइए’, असा प्रसंग ज्या घरावर येतो, त्या घरात पुढचे दोन दिवस कुणालाच काही सुचत नाही. काय घडले हे दाखवणाऱ्या बहुतेक गोष्टी नेमक्या ह्याच दोन दिवसांत नाहीशा होतात. टेबल पुसले जाते, टॉवेल धुतला जातो, आणि कुत्रा गेला असेल तर संध्याकाळच्या आत त्याला मूठमाती दिली जाते. तक्रार करायची की नाही, हे महिन्याभराने शांतपणे ठरवता येते. परंतु ती करण्याजोगे काही हाती उरेल की नाही, हे त्याच दिवशी ठरून जाते. त्यामुळे घरातील एका माणसाने, शक्यतो कुत्र्यात ज्याचा जीव सर्वांत कमी गुंतलेला आहे अशा एखाद्या भाच्याने किंवा शेजारच्या काकांनी, पहिल्या तासापासून फक्त कागदपत्रांकडे पाहावे आणि बाकीच्यांनी कुत्र्याकडे.

कुत्रा जिवंत असेल तर दुकानात वाद घालत थांबू नये. ग्रूमिंगमधील सर्वांत घातक प्रकार उष्माघाताचा असतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. बंद पिंजऱ्यात ड्रायरची गरम आणि दमट हवा कोंडली की ह्या धापांचा उपयोग होईनासा होतो. पग, शिह त्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका अधिक असतो, आणि मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीपार गेलेला असताना तर कोणत्याही कुत्र्याला असतो. हिरड्या गडद लाल किंवा निळसर दिसणे, तोल जाणे, उलटी किंवा रक्ताचे जुलाब होणे अशी लक्षणे दिसताच अंगावर साधे गार पाणी ओतून वारा घालावा आणि तसेच गाडीत घालून डॉक्टरांकडे न्यावे. बर्फात बुडवू नये. कुत्रा थोडा सावरला म्हणून घरीही नेऊ नये, कारण मूत्रपिंड, यकृत आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतील बिघाड एक-दोन दिवसांनीही उघड होतो.

डॉक्टरांकडे एक विनंती आवर्जून करावी, ती अशी की त्यांनी गुदद्वारातून घेतलेले तापमान, ते घेतल्याची वेळ आणि कुत्र्याला कोठून आणले हे तपासणीच्या कागदावर लिहावे. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. कागदावर १०६ हा आकडा आणि दुकानातून निघाल्यानंतर अर्ध्या तासाची वेळ असेल, तर तो एक कागद दहा साक्षीदारांचे काम करतो. जखम असेल तर तिची लांबी, खोली आणि जागा लिहून घ्यावी, आणि टाके घालण्यापूर्वी शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून फोटो काढावेत. केस कापण्याच्या मशीनने भाजल्याचा लाल चट्टा, कानाच्या कडेला किंवा काखेत केसांच्या गाठी कापताना बसलेली कात्री, टेबलावरून पडून मोडलेला पाय आणि गळ्यातील पट्टा आवळल्याचा वण हे सगळे वेगवेगळ्या चुकांचे पुरावे असतात. ‘दुकानात लागले’ एवढीच नोंद पुढे फारशी कामाला येत नाही.

काही इजा घरी आल्यावर कळतात. आंघोळीनंतर एक-दोन दिवसांनी कुत्रा पाठीला हात लावू देत नाही, मलूल पडतो, ताप येतो आणि केसांच्या मुळाशी रक्ताळलेले फोड दिसू लागतात, तेव्हा तो केसांच्या मुळांचा खोल जंतुसंसर्ग असू शकतो. पाणी घालून पातळ केलेला शाम्पू बाटलीत दिवसेंदिवस ठेवला की त्यात जंतू वाढतात, आणि घासताना ते थेट केसांच्या मुळांत शिरतात. अशा वेळी प्रतिजैविक सुरू करण्याआधी फोडातील द्रवाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्यास डॉक्टरांना सांगावे. कोणता जंतू आहे हे कळले तर उपचारही नेमका होतो आणि दुकानातील बाटलीकडे बोटही दाखवता येते.

दुकानदाराशी बोलणे त्याच दिवशी, परंतु व्हॉट्सॲपवर लेखी करावे. कुत्र्याला कोणी हाताळले, आंघोळ किती वाजता सुरू झाली, ड्रायर हातातला होता की पिंजऱ्याला लावलेला, मधल्या वेळात त्याच्यापाशी कोण होते, आणि पहिले लक्षण कधी दिसले, हे प्रश्न आवाज न चढवता विचारावेत. त्याच संदेशात त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची स्पष्ट मागणी करावी, कारण यंत्रातील जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. एकदा लेखी मागणी झाली की नंतर ‘निघून गेले’ हे उत्तर दुकानदारालाच महागात पडू शकते. चित्रण मिळालेच तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ नुसार त्यासोबत प्रमाणपत्र लागते, तेही वकिलाला विचारून वेळेत घ्यावे. ‘आपसात मिटले’ अशा मजकुरावर त्या दिवशी सही करू नये. उपचाराचा खर्च देऊ केला तर तो घेण्यास हरकत नाही, मात्र पावतीवर ‘उपचारापोटी’ एवढेच लिहून द्यावे.

कुत्रा दगावला असेल तर घरातील वडीलधारी मंडळी त्याला लवकर मातीआड करण्याचा आग्रह धरतात, आणि त्यांचे मन मोडणे जड जाते. तरीही शवविच्छेदन झाल्याशिवाय पुरू नये आणि नगर निगमाची गाडीही बोलावू नये. देह पुसू किंवा धुऊ नये, गळ्यातील पट्टा काढू नये, अंगाखालचा टॉवेल तसाच वेगळ्या पिशवीत ठेवावा. देह थंड ठेवावा, परंतु गोठवू नये. गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फारसे काही कळत नाही. इंदूरच्या उन्हाळ्यात हे तास फार थोडे असतात. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर आहे. तेथील विकृतिशास्त्र विभागात आधी फोन करून देह स्वीकारतील का आणि सोबत कोणता अर्ज लागेल, हे विचारून निघावे. खासगी नोंदणीकृत पशुवैद्यही शवविच्छेदन करू शकतात, फक्त ते त्याच दुकानाशी संबंधित नसावेत. पोलिसांत जायचे ठरले असेल तर आधी ठाण्यात आवेदन द्यावे, म्हणजे तपासणी ठाण्याच्या पत्रावर होते आणि अहवालाचे वजन वाढते.

त्या रात्री झोप येत नसतेच, तेव्हा घटनाक्रम लिहून काढावा. कुत्र्याने सकाळी काय खाल्ले, दुकानात किती वाजता सोडले, पैसे कसे दिले, फोन कधी आला, कोण काय म्हणाले, हे सर्व वेळेसह, विशेषणे गाळून लिहावे. आपल्या बाजूची गैरसोयीची गोष्टही लिहावी. कुत्र्याला हृदयाचा त्रास होता आणि तो सांगायचा राहिला, किंवा केसांच्या गाठी महिनोन्महिने तशाच होत्या, तर समोरचा वकील ते शोधणारच आहे. आपण आधी लिहिलेले असले तर त्याची धार जाते.

येथे कुत्रा पाळणाऱ्यांच्या मनातील अपराधीपणाविषयी बोलणे भाग आहे, कारण पुष्कळ तक्रारी कायद्याअभावी नव्हे तर ह्या अपराधीपणामुळे अर्धवट सुटतात. ‘मीच सोडून आले’ हे वाक्य घरात कुणीतरी दिवसातून अनेकदा म्हणत असते. आजारपणाने गेलेल्या कुत्र्याचे दुःख वेगळे असते. येथे तो आपल्यामागे येत होता आणि आपण साखळी दुसऱ्याच्या हाती दिली, हे डोळ्यांपुढून हलत नाही. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० च्या कलम ३ नुसार प्राणी ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याच्यावर त्याची योग्य काळजी घेण्याचे कर्तव्य असते. साखळी हाती घेताच ते कर्तव्य दुकानानेही अंगावर घेतले होते, आणि त्यासाठी पैसेही घेतले होते. माझ्या मते हे कलम पोलिसांना दाखवण्याआधी घरातल्या माणसांना वाचून दाखवावे.

नातेवाइकांकडून ‘कुत्रंच होतं ना, दुसरं आणा’ हे ऐकावे लागतेच, आणि बहुधा ते रामबागेतून खास भेटायला आलेल्या, एरवी अतिशय प्रेमळ असलेल्या मावशींकडूनच ऐकावे लागते. त्यांच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही. ‘मावशी, आत्ता नको’ एवढे पुरे. मुलांना ‘तो गावी गेला’ असे सांगू नये. दुकानात त्याला इजा झाली, डॉक्टरांनी प्रयत्न केले, तो वाचला नाही, आणि काय चुकले ते आपण विचारणार आहोत, एवढे सरळ सांगितले तर सहा-सात वर्षांचे मूलही ते समजून घेते. निवृत्त आजोबांचा दिवस कुत्र्याच्या फिरण्यावर बेतलेला असेल, तर सकाळी साडेसहाला त्यांच्याबरोबर कुणीतरी बाहेर पडावे; काही आठवडे तरी हे काम कुणाच्या तरी नावावर लावून द्यावे. झोप आणि भूक बराच काळ परतली नाही, तर समुपदेशकाकडे जाण्यात संकोच बाळगू नये.

आता दाद कोठे मागायची ते पाहू. बहुतेक प्रकरणांना ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हाच खरा मार्ग आहे, कारण पैसे घेऊन दिलेल्या सेवेत निष्काळजीपणा झाला एवढेच तेथे दाखवावे लागते, हेतू सिद्ध करावा लागत नाही. आधी दुकानाला लेखी नोटीस द्यावी. ती पानभर पुरते. घटना, तारीख, झालेला खर्च, मागणी आणि पंधरा दिवसांची मुदत एवढेच तीत असावे, आणि ती पोचपावतीसह टपालाने पाठवावी. उत्तर आले नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आपण जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. म्हणजे दुकान भोपाळचे असले तरी इंदूरकराला इंदूरमध्ये करता येते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते. ग्रूमिंगचे पैसे दिल्याचा यूपीआयचा संदेश जपून ठेवावा, कारण आपण ग्राहक आहोत हे त्यानेच ठरते. ‘सर्व जबाबदारी मालकाची’ अशा छापील अर्जावर सही केली होती म्हणून खचू नये, अशी ओळ निष्काळजीपणाला आपोआप माफी देत नाही. मागणी मात्र बिलांना धरून करावी. मानसिक त्रासाची भरपाई मागता येते, पण पन्नास लाखांचा आकडा टाकला की बाकीची खरी कागदपत्रेही हलकी वाटू लागतात.

पोलिसांच्या मार्गाविषयी अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राण्याला मारणे, विष देणे किंवा निकामी करणे ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, परंतु त्यासाठी हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. मारहाण कॅमेऱ्यात दिसत असेल तर हे कलम लागू शकते, निव्वळ हलगर्जीपणाला ते सहसा लागत नाही. १९६० च्या अधिनियमात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे, जो वाचून माणूस आणखीच खिन्न होतो, आणि खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. तरीही आवेदन द्यावे, हिंदीत लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. ही प्रत आयोगापुढे उपयोगी पडते. समाजमाध्यमांवर लिहायचेच असेल तर नोटीस गेल्यानंतर, स्वतः पाहिलेले आणि कागदावर असलेले तेवढेच लिहावे. ‘खुनी’ हा शब्द टाकला की मानहानीच्या तक्रारीला आपणच निमित्त देतो.

आयोगात तारखा पडतात आणि प्रकरण बरेच लांबू शकते, तेव्हा सुनावणीला कोण जाणार हे सुरुवातीलाच ठरवावे. जखमांचे आणि देहाचे फोटो सर्वांच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नयेत. ते एका पेन ड्राइव्हमध्ये घालून, एक छापील संच लिफाफ्यात बंद करून, त्याच भाच्याकडे किंवा काकांकडे ठेवावेत, म्हणजे प्रत्येक तारखेच्या आधी ज्यांनी कुत्र्याला वाढवले त्यांना ते उघडून पाहावे लागणार नाहीत.