कैलास लेणे परग्रहवासीयांनी कोरले, या दाव्याची चिकित्सा कशी लिहावी

प्रथम दावा त्याच्याच शब्दांत, जराही न वाकवता मांडावा: चार लाख टन खडक अवघ्या अठरा वर्षांत काढणे माणसाला अशक्य होते. एवढे झाल्यावर कागद-पेन्सिल घेऊन आकडाच तपासावा. वेरूळच्या या लेण्याचा खड्डा साधारण ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या बाजूस सुमारे ३३ मीटर खोल आहे. तो सर्वत्र तितकाच खोल धरला, तर बेसाल्टच्या, म्हणजे इथल्या काळ्या खडकाच्या, वजनाने हिशेब पावणेचार लाख टनांच्या आसपास जातो. परंतु डोंगर पुढे उतरता आहे आणि मधले मंदिर तर कोरून तसेच ठेवलेले आहे, म्हणजे प्रत्यक्षात काढलेला दगड बराच कमी भरतो.

अठरा वर्षे कुठून आली, हेही विचारावे. तो राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या राज्यकाळाचा (सुमारे इ.स. ७५६ ते ७७३) ढोबळ आकडा आहे, बांधकामाची नोंद नव्हे. कृष्णराजाने एलापूरला (म्हणजे वेरूळला) मंदिर करवल्याचे वर्णन बडोद्याच्या इ.स. ८१२-१३च्या ताम्रपटात मिळते. परिसरातील काही भाग त्याच्या नंतरचा असल्याचे अभ्यासक मानतात.

यानंतर वाचकाला भिंतीजवळ न्यावे. छिन्नीचे समांतर ओरखडे आणि शेजारची अर्धवट सोडलेली लेणी कामाची रीत दाखवतात. दावा करणाऱ्याची टिंगल मात्र टाळावी. त्याने वाचक दुखावतो आणि ताम्रपट बाजूलाच राहतो.