नकाशा एक, घर दुसरं: नोटीस आल्यावर या चुका टाळा

पुण्याच्या कडेची धायरी, नऱ्हे, आंबेगाव, वाघोली. दोन-अडीच गुंठ्यांत स्वतःचं घर बांधणारा माणूस काही बिल्डर नसतो. तो आर्किटेक्टकडून नकाशा पास करून घेतो आणि बांधताना मात्र ठेकेदार म्हणेल तसं चालतो. जिना साइड मार्जिनमध्ये, म्हणजे घराच्या बाजूला मोकळ्या सोडायच्या जागेत सरकतो, पार्किंगच्या जागी भाड्याचा गाळा निघतो, गच्चीवर ‘पुढंमागं लागेल’ म्हणून एक खोली चढते. मग महापालिकेची नोटीस येते आणि खऱ्या चुका तिथून पुढे होतात.

‘दंड भरू आणि मोकळे होऊ’

ही सर्वांत महाग समजूत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ मध्ये दंड आहे २,००० ते ५,००० रुपये. आजच्या सिमेंटच्या भावात हा आकडा वाचून हसू येतं. पण त्याच वाक्यात कैदही आहे: किमान एक महिना, कमाल तीन वर्षं. मंजुरीतल्या अटी मोडून केलेलं बांधकामही याच कलमात येतं, फक्त विनापरवाना इमारतच नव्हे. दोषी ठरल्यानंतरही ते बांधकाम तसंच ठेवलं, तर दिवसाला २०० रुपयांपर्यंत दंड वेगळा. आणि पाडण्याची कारवाई या सगळ्यापासून स्वतंत्र चालते; शिक्षा भोगली म्हणून भिंत कायदेशीर होत नाही.

मिळकतकराच्या पावतीचंही तेच. अवैध बांधकामावर शास्ती, म्हणजे मिळकतकरासोबतचा दंड भरली म्हणजे महापालिकेनं ते मान्य केलं, असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. शास्ती आकारणाऱ्या कलमातच लिहिलंय की अशी वसुली म्हणजे नियमितीकरण नव्हे.

नोटीस न घेणं

दाराला कुलूप लावून गावी जाणं, ‘मालक घरी नाहीत’ म्हणून परत पाठवणं. याचा फायदा शून्य. उलट हातातली मुदत वाया जाते, आणि ती मुदत हीच मालकाची खरी संधी असते. कलम ५३ नुसार, मंजुरीतल्या अटींपासून फारकत घेतली असेल तर एक महिन्याची नोटीस मिळते. मुळात परवानगीच नसेल तर फक्त २४ तासांची. इथं एक मेख आहे. दोन मजल्यांचा नकाशा आणि उभे तीन, असं असेल तर तिसरा मजला ‘थोडासा बदल’ म्हणून खपेल आणि महिना मिळेल असं धरून चालू नका; त्याला परवानगीच नव्हती असंही मानलं जाऊ शकतं.

मुदतीच्या आत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली अर्ज करता येतो, आणि तो निकाली निघेपर्यंत नोटिशीची अंमलबजावणी थांबते. म्हणून नोटीस आली त्याच आठवड्यात आर्किटेक्टला घरी बोलवा, टेप लावून प्रत्यक्ष मोजमाप घ्या आणि मंजूर नकाशाशेजारी ठेवा. किती भाग नियमात बसतो, किती प्रीमियम (जादा शुल्क) भरून बसू शकतो आणि किती काढावाच लागेल, अशा तीन याद्या करा. तिसरी यादी वाचून पोटात गोळा येतो खरा. पण तीच सर्वांत उपयोगी.

‘आता सुरूच केलंय तर स्लॅब टाकून घेऊ’

काम थांबवण्याची नोटीस मिळाल्यावर घाईघाईनं, रात्री दिवे लावून स्लॅब भरला, की ‘माहीत नव्हतं’ हा बचाव संपला. याहून वाईट पुरावा महापालिकेलाही तयार करता आला नसता.

न्यायालयात ठेकेदाराकडे बोट दाखवणं

घर तुमचं, परवानगी तुमच्या नावावर. ठेकेदारानं फसवलं असेल तर भरपाईसाठी त्याच्याविरुद्ध वेगळा दावा लावा. या खटल्यात तेवढ्यानं तुमची सुटका होत नाही. त्यापेक्षा तुम्ही धंदेवाईक बांधकाम व्यावसायिक नाही, हे नीट मांडा. सर्वोच्च न्यायालयानं २००४ च्या फ्रेंड्स कॉलनी निकालात हाच फरक केला: व्यावसायिकाला कायदा कळत असतो, त्यामुळे त्याचं उल्लंघन जाणूनबुजून, नफ्यासाठी केलेलं मानता येतं, स्वतःचं घर बांधणाऱ्याचं तसं नाही. पण मालक राहतो वर आणि खाली तीन गाळे भाड्यानं दिलेत, तर या युक्तिवादातली हवा निघून जाते.

पहिलाच गुन्हा असेल तर वकील १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली, तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडण्याची मागणी करू शकतात. ती मान्य होईलच असं नाही. वादग्रस्त भाग उभाच असेल तर ‘चांगली वर्तणूक’ कशाच्या जोरावर सांगणार?

तारखेआधी फाइलमध्ये मंजूर नकाशा, जोते (प्लिंथ) तपासणीचा दाखला, आर्किटेक्टचं मोजमाप, कलम ४४ च्या अर्जाची पोच आणि पाडलेल्या भागाचे आधीचे व नंतरचे फोटो ठेवा. फोटोत न हलणारी एखादी खूण येऊ द्या, विजेचा खांब किंवा शेजारची खिडकी. नुसत्या राडारोड्याच्या फोटोवरून भिंत कुणाची होती हे कुणालाच सांगता येत नाही.