उडत्या कडीच्या प्रयोगासाठी टिकाऊ कॉइल कशी गुंडाळावी

उभ्या लोखंडी गाभ्यात ॲल्युमिनियमची कडी घालायची, गाभ्याच्या बुडाशी असलेल्या कॉइलला एसी वीज द्यायची आणि कडी उसळून वर जाताना पाहायची. एलिहू थॉमसन यांनी १८८७ मध्ये दाखवलेला हा प्रयोग आजही विज्ञान प्रदर्शनात गर्दी खेचतो. अडचण एवढीच, की घाईने गुंडाळलेली कॉइल प्रदर्शन संपायच्या आत जळते.

ती का जळते हे आधी समजून घ्यावे. कडी म्हणजे शॉर्ट केलेला एकच वेढा. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तिच्यात शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो, आणि तो तिच्यातल्या व्होल्टेजच्या मागे पडून वाहत असल्यामुळे कॉइल तिला सरासरी दूरच ढकलते. आता कॉइलमधल्या एखाद्या वेढ्याचे एनॅमल (तारेवरचा विद्युतरोधक लेप) खरवडले आणि तो शेजारच्या वेढ्याला चिकटला, की तोही कडीच होतो. फरक इतकाच की त्याला उडून जाता येत नाही. खाली दिलेल्या कॉइलमध्ये एका वेढ्यात फक्त ०.०८ व्होल्ट तयार होतो, पण त्याचा रोध जेमतेम १.३ मिलिओम असल्याने प्रवाह ६० अँपिअरच्या घरात जातो. दीड मिलिमीटरपेक्षा बारीक तार एवढा प्रवाह झेलू शकत नाही. म्हणून पुढचा सगळा खटाटोप वेढ्याला वेढा न टेकू देण्यासाठी आहे.

कॉइल २३० व्होल्टवर थेट चालवू नका. २३० ते २४ व्होल्ट, १० अँपिअरचा, दोन स्वतंत्र वाइंडिंग असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या. व्हेरिॲक किंवा ऑटो ट्रान्सफॉर्मर चालणार नाही, कारण त्यात मुख्य लाइनपासून विलगता नसते.

गाभ्यासाठी बांधकामाची काळी बाइंडिंग तार, १८ गेज (१.२ मिमी), ३०० मिमीचे सुमारे ३३० तुकडे. वजन साधारण ९०० ग्रॅम भरते. सरळ करायला तारेचे एक टोक व्हाइसमध्ये, दुसरे ड्रिलच्या चकमध्ये धरून ताण देत सावकाश फिरवा. प्रत्येक तुकडा वार्निशमध्ये बुडवून वाळवा, मग २५ मिमी व्यासाची घट्ट मोळी करून कॉटन टेप गुंडाळा. अखंड सळई वापरायचा मोह आवरा: तिच्यात भोवरी प्रवाह (धातूच्या आतच गोल फिरणारे प्रवाह) फिरतात, ती तापते आणि कडी मरगळते. आणखी एक चूक फार होते. मोळी आवळायला होज क्लिप किंवा धातूची पट्टी लावली जाते. गाभ्याभोवती पूर्ण फिरलेली कोणतीही धातूची पट्टी म्हणजे पुन्हा शॉर्ट वेढाच. नायलॉन टाय वापरा. बैठकही लाकडाची किंवा हायलमची (विद्युतरोधक लॅमिनेट शीटची) हवी, भोक पाडलेल्या पत्र्याची नको.

बॉबिनसाठी (तार गुंडाळायच्या रिळासाठी) पीव्हीसी पाइप नको, तो ७०–८० अंशांना मऊ पडतो. ०.२५ मिमी लेदरॉइड पेपरचे (जाड विद्युतरोधक कागदाचे) चार वेढे वार्निश लावून गाभ्यावर गुंडाळा, दोन्ही बाजूंना ३ मिमी हायलमच्या चकत्या बसवा. चकत्यांमधले अंतर ८० मिमी. भोकांच्या कडा कानशीने गोल करा, कारण एनॅमल नेमके तिथेच सोलते.

तार १७ गेज, सुपर एनॅमल्ड तांबे. लागते सुमारे अर्धा किलो, ६०० ग्रॅम आणा. एका थरात ५० वेढे, असे सहा थर, एकूण ३००. थरांची संख्या समच ठेवा, म्हणजे दोन्ही टोके खालच्याच बाजूला येतात. हाताला सुती कापड गुंडाळून एकसारखा ताण द्या. तार वळली, पीळ पडला, तर ओढून सरळ करू नका: पिळाच्या जागी एनॅमलला बारीक तडे जातात. तेवढा भाग कापून सांधा, सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा.

प्रत्येक दोन थरांमध्ये ०.१ मिमी पेपर घाला. तो चकत्यांमधल्या अंतरापेक्षा दोन्हीकडे ३ मिमी जास्त रुंद कापा आणि कडांना कात्रीने झालर पाडा. झालर चकतीवर चढते आणि वरच्या थराचा शेवटचा वेढा खाली घसरत नाही. तो घसरला तर शेजारचा वेढा नव्हे, पुढेमागे १०० वेढ्यांनंतरचा वेढा त्याला टेकतो.

टोकांकडे वाइंडिंगइतकेच लक्ष द्या. ५० हर्ट्झवर कॉइल सेकंदाला १०० वेळा थरथरते, आणि जाड एकेरी तार अशा थरथरीने चकतीजवळच तुटते. टोकाला २.५ चौ. मिमीची बहुतारी लवचीक वायर सोल्डर करा, काचतंतूची स्लीव्ह घाला आणि सांधा कॉटनच्या दोऱ्याने कॉइलवरच बांधून टाका.

आता वार्निश. थर मोकळे राहिले तर वेढे एकमेकांवर घासत राहतात. कॉइल ७० अंशांना तासभर तापवून ओल घालवा (कोकणात पावसाळ्यात ही पायरी अजिबात टाळू नका), मग पातळ वार्निशमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत बुडवा, निथळू द्या आणि डब्यावर दिलेल्या तापमानाला भाजा. वाफ पेट घेते. स्वयंपाकघर आणि गॅस दूर ठेवा. वाइंडिंगच्या दुकानातून भाजून घेणे सर्वांत बरे.

कडी ॲल्युमिनियम पाइपची, आतला व्यास ३० मिमी, जाडी ३ मिमी, उंची २० मिमी, वजन अंदाजे १७ ग्रॅम. बर्फात ठेवलेली कडी जास्त उसळते, कारण ३० वरून शून्य अंशाला आणल्यावर तिचा रोध दहा-बारा टक्क्यांनी घटतो. उभी चीर दिलेली दुसरी कडी ठेवा. ती जागची हलत नाही आणि मुलांना कारण लगेच कळते.

ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्ट बाजूला बंद लाकडी पेटीत दाबून धरायचे बटण लावा, २४ व्होल्ट बाजूला १० अँपिअरचा संथ फ्यूज. कॉइल १० सेकंद चालू, एक मिनिट बंद. ती विनाखंड सुरू राहिली तर तांबे मिनिटाला ६ ते १२ अंशांनी चढते. हाताने धरून ठेवलेली कडी तर काही सेकंदांतच चटका देते. गाभ्यावर वाकून पाहू नका, डोळ्यांना चष्मा हवा, आणि पेसमेकर असलेल्यांनी जवळ येऊ नये.

पहिल्यांदा वीज देण्याआधी कॉइल आणि गाभा यांच्यात मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावा. मल्टिमीटरवर विसंबू नका: कॉइलचा रोध सुमारे ०.४ ओम असतो आणि एक वेढा शॉर्ट झाला तरी आकडा हलत नाही. त्याऐवजी कडी काढून क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजा. तो ७ अँपिअरच्या आसपास यावा, गाभा किती दाट बसला त्यानुसार थोडा कमीजास्त. हा आकडा तारखेसह कॉइलवर चिकटवून ठेवा. पुढे कधी तो वाढलेला दिसला, किंवा कॉइलचा एकच भाग जास्त गरम लागला, तर ती लगेच उकलून नव्याने गुंडाळा.