चार घरं, तीन तंबू आणि ‘मला वाटलं तू घेतलंस’

पुण्याजवळच्या पवना धरणाच्या काठी तंबू ठोकून राहायचं कसं, याची माहिती ढिगाने मिळते. मुक्कामाला जिवलग दोस्तांची कुटुंबं बरोबर असली की काय होतं, हे मात्र कोणी लिहीत नाही. अनोळखी लोकांबरोबर गेलं की प्रत्येक जण आपली बॅटरी आठवणीने घेतो. कॉलेजपासूनच्या दोस्तीत चारही घरं बॅटरी घरी ठेवतात, कारण दुसऱ्याने घेतलीच असणार याची चारही घरांना खात्री असते. आमच्या टोळीत याद्या करण्याचं काम माझ्याकडे आहे, आणि माझं मत पक्कं आहे: थंडी, वारा, किडे यांचा बंदोबस्त करता येतो. गृहीत धरण्याचा बंदोबस्त आधी करा.

प्रत्येक वस्तूपुढे एका माणसाचं नाव

‘सगळे मिळून आणू’ असं ग्रुपवर कोणी लिहिलं की मी लगेच विचारते, ‘सगळे म्हणजे कोण?’ यादीत वस्तूपुढे घराचं आडनाव नको, माणसाचं नाव हवं. घराचं नाव लिहिलं की नवरा बायकोवर ढकलतो, बायको नवऱ्यावर, आणि दोघं मिळून मुलावर.

दुसरं, एकमेकांवर अवलंबून असलेल्या वस्तू एकाच घराकडे द्या. शेगडी, तिचा गॅसचा कॅन, लायटर, पातेली, सुरी, मीठ ही सगळी एका घराची जबाबदारी. आमच्याकडे एकदा शेगडी कोथरूडहून आली आणि कॅन सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहिला.

तिसरं, ज्याचा तंबू त्याने तो निघण्याच्या दोन दिवस आधी गच्चीवर पूर्ण उभा करायचा. पिशवी उघडून आत डोकावणं म्हणजे तपासणी नव्हे. पोल, खुंट्या, दोऱ्या आणि वरचं पावसाळी कापड मोजून परत भरा. खुंट्या चार जास्तीच्या ठेवा. मुरमात त्या वाकतातच. दोरी, ताडपत्री, हातोडी हे पुण्याच्या बोहरी आळीत एका फेरीत मिळतं.

हे इतकं ताणून का सांगते? जानेवारीत मोठ्या तंबूचे पोल एका मित्राने सोसायटीच्या लिफ्टपाशी उभे करून ठेवले होते. ते तिथेच उभे राहिले. काठावर पोचल्यावर पुरुषमंडळींनी दोन गाड्यांच्या मध्ये दोरी ताणून तंबू लटकवला. फोटो काढले, स्वतःचं कौतुक करून घेतलं. रात्री अकराला सर्वांत धाकट्याचा कान ठणकायला लागला. जवळच्या पवनानगरला डॉक्टरकडे न्यायचं तर गाडी हलवायला हवी, आणि गाडी हलवली की तंबू आत झोपलेल्या सासूबाईंसकट खाली येणार. तिसऱ्या गाडीत संध्याकाळपासून गाणी चालू होती, तिची बॅटरी बसलेली. शेवटी ज्यांच्या शेतात उतरलो होतो त्या मामांनी मोटरसायकल काढली, बाप-लेकांना घेऊन गेले, औषध देऊन परत आणलं.

पोल असते तर यातलं काहीच घडलं नसतं, अगदी गाणी वाजली असती तरी. गोंधळाची साखळी अशीच असते. शेवटच्या कडीवर आरडाओरडा होतो आणि पहिली कडी घरीच सुटलेली असते.

म्हणून आता एक नियम आहे. एक गाडी पूर्ण मोकळी, तोंड रस्त्याकडे करून उभी. तिला दोरी बांधायची नाही, तिच्यात गाणी लावायची नाहीत, किल्ली ठरलेल्या जागी, आणि तिचा चालक त्या रात्री ग्लास हातात धरणार नाही. चालक कोण हे घरून निघण्याआधी ठरतं. तिथे पोचल्यावर ठरवायला गेलात तर सगळेच अचानक उदार होतात आणि एकमेकांकडे बोट दाखवतात.

जंपर केबल डिकीत ठेवा आणि क्रम लिहून चिकटवा. लाल टोक आधी बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं लाल चालू बॅटरीच्या प्लसला. काळं चालू बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं काळं बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. काढताना क्रम उलटा.

उशिरा येणाऱ्यांकडे काय द्यायचं

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तंबू उजेडात ठोकायचा तर चारपर्यंत जागेवर हवं. आम्ही चांदणी चौक, पिरंगुट, पौड, कोळवण करत तिकोना पेठेकडून उतरतो. कामशेतवरूनही जाता येतं, आणि भाजी, बर्फ विसरला असेल तर तोच रस्ता बरा, कारण वाटेत बाजार आहे.

प्रत्येक टोळीत एक उशिरा येणारं घर असतंच. त्यांना सुधारण्याच्या भानगडीत पडू नका, वेळ तासभर आधीची सांगून फसवूही नका. दुसऱ्या खेपेपासून ते ओळखतात. त्यांच्याकडे काय द्यायचं तेवढं ठरवा. भडंग, बाकरवडी, बॅडमिंटनच्या रॅकेट. तंबू, रात्रीचा शिधा आणि औषधं वेळेवर निघणाऱ्या गाडीत. मग ते साताला आले तरी कोणाचं काही अडत नाही आणि स्वागतही हसून होतं.

जागा

पावसाळ्यानंतर पवनेचं पाणी हळूहळू उतरतं आणि काठची सपाट जमीन उघडी पडते. ती मोहात पाडते, पण वर कोरडी दिसणारी माती खाली ओली असते. गाडीचं चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधा. गाड्या वर कडक जमिनीवर लावा, तंबूही पाण्यापासून चांगला वर. काठच्या बऱ्याच जमिनी शेतकऱ्यांच्या मालकीच्या आहेत. विचारून, पैसे ठरवून उतरा. रात्री अकराला मोटरसायकल काढणारे मामा असेच भेटतात.

तंबूचं दार वाऱ्याच्या तोंडाला नको. खुंटी सरळ उभी ठोकू नका. तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलतं ठेवा, साधारण पंचेचाळीस अंशात. मुरमात ती शिरत नसेल तर दोरी एका मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्यावर दुसरा दगड ठेवा.

सकाळी तंबू आतून ओला दिसला की कोणीतरी हमखास म्हणतं, ‘गळतोय, फसवलं दुकानदाराने.’ तो गळत नसतो. चार माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर जमते. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद केल्या की ती वाढते. वरच्या जाळ्या दोन्ही बाजूंनी उघड्या ठेवा. ऊब खालून आणा: पुण्यात जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो आणि अंगातली ऊब जमीन ओढून घेते, त्यामुळे अंगावर दोन रजया आणि खाली एक सतरंजी हा हिशेब उलटा आहे. खाली फोमची जाड चटई हवी. हवेच्या गाद्या मी बंद केल्या. त्या खालून गार पडतात आणि बाभळीचा एक काटा पुरतो.

ऊब यावी म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे नेणं याला माझ्याकडे चर्चा नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

पाणी आणि विंचू-साप

धरणात पोहायचं नाही. काठ उथळ दिसतो आणि पुढच्याच पावलाला खोली येते. खाली जुने बांध, खड्डे आणि गाळ आहे. जो सगळ्यांत चांगला पोहतो त्यालाच हे आधी बजावून सांगावं लागतं. मुलांसाठी पाण्याच्या बाजूला दोरी बांधा आणि दर तासाला एका मोठ्या माणसाची पाळी लावा. ‘सगळे बघतायत’ म्हणजे कोणीही बघत नाही, हा यादीचाच न्याय.

मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. तंबूची चेन आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी लावायची, एवढ्याने मोठी काळजी मिटते. बूट पालथे झटकून घाला. सरपण मुलांना अंधारात उचलायला लावू नका. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. तो हातपाय हलू न देता थेट रुग्णालय, आणि १०८ ला फोन. विंचवालाही घरगुती उपाय नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून दाखवलं आणि कोकणातले कित्येक जीव वाचले, पण ते औषध डॉक्टरने द्यायचं असतं, पर्समध्ये बाळगायचं नसतं.

जेवण

पहिल्या रात्री शौर्य नको. घरून मसालेभात अर्धा करून न्या, सोबत भाकऱ्या आणि लसणाची चटणी. मसाला लावलेल्या चिकनचा डबा गाडीतच ठेवा. गावची कुत्री वाट बघत असतात आणि डब्याचं झाकण त्यांना आपल्यापेक्षा लवकर उघडतं. चुलीला नदीतले ओले दगड वापरू नका, तापले की ते फुटतात. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा चुलीभोवतीची जागा आधी साफ करा, शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा आणि झोपण्यापूर्वी निखाऱ्यांवर ती पूर्ण ओता.

बिघडल्यावर

बिघडणार तर आहेच. त्या क्षणी ‘कोणामुळे’ हा शब्द काढायचा नाही, जेवण होईपर्यंत तरी. लिफ्टपाशी पोल विसरलेल्या माणसाला सगळ्यांत वाईट वाटत असतं, आणि भूक लागलेल्या बायका-मुलांसमोर त्याची खरडपट्टी काढली तर पुढच्या सहलीला त्याचं घर येत नाही. त्याला लगेच काम द्या: पाणी आणायचं, कंदील टांगायचा, काहीही. मुलांना टॉर्च देऊन पत्त्यांचा डाव मांडून द्या. मुलं गप्प झाली की मोठ्यांना अर्धं सुचतं.

आणि ज्येष्ठांना विचारा. लटकत्या तंबूतून बाहेर येऊन सासूबाईंनी गरम केलेला चमचा-दोन चमचे तेल कानात घालायला सुचवलं, ते आम्ही ऐकलं नाही. पण पोराला मांडीवर घेऊन त्यांनीच शांत केलं.

रविवारी

तंबू दव पडलेलाच गुंडाळावा लागला तर सोमवारी गच्चीवर वाळवल्याशिवाय माळ्यावर टाकू नका, बुरशी धरते. कोणाची पातेली कोणाच्या गाडीत गेली याचा फोटो निघण्यापूर्वीच काढून ग्रुपवर टाका. खर्चाचा हिशेब त्याच संध्याकाळी करा, अंघोळीच्या आधी. कोणी ‘राहू दे रे’ म्हणालं तर राहू द्यायचं नाही; पैसे घ्यायचे आणि द्यायचे.